विस्तव मागायला निघालेली राणी

गोधडी एकच आहे, तेव्हा दोघं जवळ जवळ या बघू. रेवू, पाय पोटाशी घे. धाकल्या, चुळबुळ पुरे. आणि मध्ये मध्ये हुंकार द्यायचा, नाहीतर मला वाटतं मी भिंतीलाच गोष्ट सांगतेय.

तर एक होता डोंगर. राजा नंतर येतो, आधी डोंगर. त्या डोंगराला होत्या सात पायऱ्या. आपल्या ओट्याच्या पायऱ्या नव्हेत हं, एकेका पायरीवर अख्खी आळी बसेल एवढ्या थोरल्या. सगळ्यांत वर राजा पर्वतसेन आणि त्याची राणी शेवंता. त्यांच्या खाली कारभारी आणि सरदार. त्यांच्या खाली पेढीवाले. मग कुंभार, मग तेली, मग गुराखी. आणि पार तळाला, जिथं ओहोळ चिखलात रुततो तिथं, केरसुण्या बांधणारे. जो ज्या पायरीवर जन्मला तो तिथंच म्हातारा व्हायचा. वरच्यानं खाली उतरायचं नाही, खालच्यानं वर चढायचं नाही. खालून दूध वर जायचं, मडकी जायची, केरसुण्या जायच्या. पण माणूस आपला जिन्नस पायरीच्या कडेवर ठेवायचा आणि मागं फिरायचा.

आता त्यांची एक रीत ऐका. सगळ्या डोंगरावर कायमची पेटती चूल एकच, ती राजवाड्यात. तिला म्हणायचे मूळ चूल. सकाळी शिंग वाजलं की राजा चिमट्यानं एक निखारा उचलायचा आणि कारभाऱ्याला द्यायचा. कारभाऱ्याकडची चूल पेटली की त्यातला पेढीवाल्यांना. त्यांची न्याहारी सावकाश उरकली की मग कुंभारांना. असा तो विस्तव रखडत रखडत उतरायचा. तळाच्या आळीत पोचायचा तेव्हा गुरं घरी परतलेली असायची. कशीबशी भाकरी भाजून होते न होते तोच पुन्हा शिंग, की सगळ्यांनी आपापल्या चुलीवर पाणी ओता.

का म्हणून काय विचारतोस? उद्या पुन्हा वरूनच मिळाला पाहिजे म्हणून. विस्तव उतरतो, चढत नाही, असं ते म्हणायचे आणि मान डोलवायचे. कुणी चोरून निखारा ठेवलाच तर त्याला वेशीबाहेर काढायचे.

काडेपेटी? अगं रेवू, काडेपेटीच्या आजीचाही तेव्हा जन्म झाला नव्हता. आणि गारगोटीवर गारगोटी घासून ठिणगी पडते, हे ती माणसं पार विसरून गेली होती. वरून आयता मिळत होता ना. आयत्या बिळावर नागोबा.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या डोंगरावरचा विस्तव बोलायचा, बरं का. पण आपण होऊन नाही, कुणी आधी त्याच्याशी बोललं तरच. आणि त्याच्याशी बोलायला वेळ होता कुणाला?

मग काय झालं, शेवंताराणीला मुलगी झाली. नवसासायासानं झालेली, एवढीशी, कापसाच्या बोंडासारखी. पाचवी झाली, बारसं अजून व्हायचं होतं. दिवस पौषातले. थंडी अशी की बोललेला शब्द तोंडाबाहेर पडायला नको म्हणत होता. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी धगधगत होती, तिच्या उबेवर ते पोर जगत होतं म्हणा ना.

आणि एका पहाटे गारा पडल्या. वारा असा सुटला की राजवाड्याच्या धुराड्यातून गारा आणि पाणी धबाधबा आत आलं, थेट मूळ चुलीत. उजाडल्यावर राजा चिमटा घेऊन गेला, तर चिमट्यात आला काळा कोळसा. शेगडी कालचीच, तीही केव्हाची गार झालेली.

राजानं कारभाऱ्याला बोलावलं. कारभारी म्हणजे मोठा रीतीचा माणूस. हातात कायम तेल पाजलेली चंदनाची काठी. कोण कुठं उभं राहायचं ते तो त्या काठीनं दाखवायचा. तो म्हणाला, "महाराज, विस्तव वरून येतो. आपल्या वर कोण? सूर्यनारायण. तेव्हा तो त्यांच्याकडूनच यायला हवा."

मग राजा गच्चीवर गेला. हातात वात धरून आभाळाकडे बघत बसला. सूर्यनारायण ढगाच्या दुलईत घोरत होते, ते कसले येतात. खाली सरदार राजाची वाट बघत बसले. पेढीवाले सरदारांची. कुंभार पेढीवाल्यांची. सगळा डोंगर हातात फुंकणी घेऊन गार चुलीपुढे बसला, आणि जो तो मान वर करून बघतोय. हसू नका. आपणही बसतो असे कधी कधी.

इकडे बाळ आधी खूप रडलं. मग कमी रडलं. मग नुसतं कण्हायला लागलं. रडणारं पोर बरं गं, गप्प झालेलं पोर वाईट. राणीनं त्याचे पाय हातात घेतले तर ओहोळातल्या गोट्यांसारखे गार. तिनं पोटाशी धरलं, छातीशी धरलं. पण ती बाळंतीण, रक्त कमी, तिचेच हात गारठलेले.

तिनं बाळ सुईणीच्या कुशीत दिलं, डोक्याला फडकं बांधलं आणि गच्चीत राजापाशी गेली.

"मी विस्तव मागायला जाते," ती म्हणाली.

"कुणाकडे? आपल्या वर कुणी नाही."

"मग खाली जाते."

"राणी खाली जात नाही, शेवंता."

"राणी नसेल जात," ती म्हणाली. "आई जाते."

आणि निघाली. हातात चांदीची वाटी घेतली होती, विस्तव आणायला. तिला बिचारीला काय ठाऊक? जन्मात कधी चूल पेटवली नव्हती.

सरदारांची दारं बंद होती. ती पेढीवाल्यांच्या आळीत उतरली. पहिल्याच दारात एक बाई उभी. राणीला बघून ती गडबडली. पाया पडावं तरी पंचाईत, पाट मांडावा तरी पंचाईत. वरचं माणूस दारात आलं तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"विस्तव आहे का हो घरात?"

"राणीसाहेब, आम्ही तर तुमचीच वाट बघतोय," ती म्हणाली. आणि मग तिला राणीचा चेहरा दिसला. तिनं आपल्या अंगावरची घोंगडी काढली आणि राणीच्या खांद्यावर टाकली.

मग राणी कुंभारवाड्यात उतरली. मोठं अंगण, मध्ये मडक्यांची भट्टी रचलेली, वर लाकूडफाटा, गोवऱ्या, सगळं जय्यत. फक्त विस्तव नाही. आणि रात्रीच्या गारांनी सगळं चिंब झालेलं. कुंभारणीनं राणीच्या हातातली वाटी बघितली आणि तिला हसू आलं.

"बाई, चांदीत निखारा घेतलात तर हात पोळेल की. हे घ्या खापर, यात थोडी राख घालून आणा." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आणि आणखी खाली जा. मी बोलले म्हणून सांगू नका. पण रात्री कधी कधी तळाच्या आळीतून धुराचा वास येतो."

राणी खापर घेऊन उतरत राहिली. तेल्यांची आळी गेली, गुराख्यांची गेली. चिखलात पाऊल बुडालं, एक जोडवं तिथंच राहिलं. आणि ती पोचली तळाला, शेवटच्या झोपडीशी. तिथं राहायची कोंडाई. म्हातारी, कमरेत वाकलेली, हातात अर्धी बांधलेली केरसुणी.

राणी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पदर पसरला. "मावशी, विस्तव आहे का घरात?"

कोंडाईनं केरसुणी खाली ठेवली. कारण विस्तव होता. चुलीतल्या राखेखाली, अगदी तळाशी, एक निखारा झाकलेला होता. आहे म्हणावं तर वेशीबाहेर जायची पाळी. नाही म्हणावं तर ही पोर अशी दारात उभी, ओठ निळे पडलेले.

"आहे म्हटलं तर काय कराल?" कोंडाईनं विचारलं.

राणी मटकन उंबऱ्यावरच बसली. "माझी लेक गार पडत चाललीय, मावशी," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

कोंडाई म्हणाली, "निखारा माझ्या एकटीचा नाही बाई. आळीचा आहे. आज माझ्या चुलीत, उद्या शेजारणीच्या. आम्ही पाळीनं जपतो. सगळ्यांना विचारल्याबिगर मला देता यायचा नाही."

तिनं हाक मारली. बायका गोळा झाल्या. त्यात एक रंगू होती, तरणीताठी, डोळ्यांत जाळ. ती पुढं आली.

"गेल्या पौषात माझा पोरगा असाच गारठला," रंगू म्हणाली. "संध्याकाळपर्यंत विस्तव पोचलाच नाही. तेव्हापासून आम्ही निखारा लपवून ठेवतो. तेव्हा कोण उतरलं होतं वरून?"

राणीनं डोळे पुसले. खोटं बोलावं असं तिला वाटलंच नाही.

"कुणी नाही उतरलं," ती म्हणाली. "आणि माझी शेगडी पेटती असती तर आज मीही आले नसते."

मग रंगूच चुलीपाशी गेली. तिनं हातानं राख बाजूला केली. "दे गं कोंडाई," ती म्हणाली. "थंडीला काय कळतंय कुणाचं पोर ते."

राखेखालून निखारा लालबुंद वर आला. कोंडाई आपल्या पाळीला त्याच्याशी बोलायची, म्हणून आजही बोलली. "काय रे बाबा, वर जाशील का?"

निखारा चरचरला. मोठा फटकळ होता तो. "रोज ढकलता मला खाली, रोज पाणी ओतून मारता. आणि आज म्हणे वर चल. जाईन की. मलाही बघायचाय डोंगर. पण एकाच्या हातानं जाणार नाही. एका हातात मी पायरीभरही टिकत नाही. पायरीपायरीला हात बदला, आणि ज्याच्या हातात येईन त्यानं घरचं काहीतरी घाला. नुसते बघत उभे राहिलात तर माझी राख झालीच म्हणून समजा."

मग रंगूनं केरसुणीची कोरडी पाती घातली, कोंडाईनं खापर उचललं, आणि सगळी आळी राणीबरोबर निघाली.

गुराख्यांच्या आळीशी आले. गुराखी घाबरले. खालून आलेला विस्तव घ्यायचा कसा? त्यांच्या सात पिढ्यांत असं झालं नव्हतं. ते नुसते बघत राहिले आणि निखारा काळवंडायला लागला. तेवढ्यात एक म्हातारा गुराखी घरात गेला आणि उशाखाली जपलेली कोरडी गोवरी घेऊन आला. गोवरीनं धग धरली. खापर त्याच्या हातात गेलं.

तेल्यांच्या आळीत मात्र काही सांगावंच लागलं नाही. तेलीण तेलाची पळी घेऊन दारात आधीच उभी होती. तिनं चार थेंब टाकले आणि खापर हाती घेतलं. निखारा म्हणाला, "वा, हे झालं जेवण."

पण पुढं राणीचे पाय गेले. ओली बाळंतीण, किती चालणार? ती खाली बसली. कोंडाईनं तिला खांदा दिला. जी कोंडाई जन्मात आपली पायरी सोडून वर आली नव्हती, ती राणीला धरून चढवत होती. तिची कंबर वाकलेली म्हणून राणीलाही वाकावं लागलं. अशा दोघी वाकून वाकून कुंभारवाड्याच्या अंगणात पोचल्या.

तिथं पायरीवर कारभारी उभा, खालून चढणारा धूर बघून अडवायला उतरलेला. काठी आडवी धरलेली. "विस्तव चढत नाही," तो म्हणाला.

आता गच्चीवर काय झालं होतं ते ऐका. सुईण बाळाला घेऊन राजाकडे धावत गेली होती. "महाराज, आता रडतही नाही हो," म्हणाली. राजानं बाळाकडे बघितलं. आभाळाकडे बघितलं. हातातल्या वातीकडे बघितलं आणि ती टाकून दिली. अंगरखा उघडून बाळाला उघड्या छातीशी धरलं आणि धावत सुटला. मोजड्या गच्चीवरच राहिल्या. आपल्या पायरीखाली कधी पाऊल न टाकलेला राजा अनवाणी धावत आला तो थेट कारभाऱ्याच्या पाठीशी.

"कारभारी, सरा," तो म्हणाला. कारभारी सरला.

असे ते भेटले. वरही नाही, तळालाही नाही, मधोमध, कुंभारवाड्यात. राणीनं बाळ घेतलं. ते पांढरं पडलं होतं. कुंभारणीनं खापरातला निखारा भट्टीच्या तोंडाशी ठेवला. पण लाकूड ओलं, गोवऱ्या ओल्या. निखारा धुरकटला, लहान झाला. "कोरडं," तो कसाबसा म्हणाला. "कोरडं काहीतरी घाला."

माणसांनी इकडेतिकडे बघितलं. अख्ख्या अंगणात कोरडी अशी एकच वस्तू होती. ती कुणाच्या हातात होती? बरोबर, धाकल्या.

कुणी मागितली नाही. कारभाऱ्याचं आपलंच लक्ष गेलं. त्यानं बाळाकडे बघितलं. त्याच्याही घरी तेवढीच नात होती. "माझ्या पणज्याची काठी आहे ही," तो पुटपुटला. मग त्यानं ती गुडघ्यावर धरून मोडली आणि निखाऱ्यावर ठेवली.

कुंभारणीनं सवयीनं जवळच्या माणसाच्या हातात फुंकणी दिली. तो नेमका राजा. त्यानं कधी फुंकणी बघितली होती? त्यानं अशी फुंक मारली की सगळी राख त्याच्याच तोंडावर. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. पोरं खिदळली, आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही. मग एका बाजूनं राणी फुंकायला बसली, दुसऱ्या बाजूनं कोंडाई. डोळ्यांत धूर, नाकात धूर. आणि चंदनानं पेट घेतला. त्यावर ओलं लाकूड वाळलं आणि तेही पेटलं. भट्टी धडधडली.

त्या धगीशी राणी बाळाला घेऊन बसली. आणि रंगू आली. हो, तीच. तिनं आपले तळवे भट्टीवर शेकले आणि बाळाचे पाय त्यात धरले. पुन्हा शेकले, पुन्हा धरले. तिचे डोळे वाहत होते आणि हात थांबत नव्हते.

आणि मग बाळ रडलं. कसं रडलं म्हणता, सगळ्या डोंगराला ऐकू गेलं. राणीनं रंगूच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तुझा मुलगा आम्हाला वाचवता आला असता गं," ती म्हणाली. रंगू म्हणाली, "हो, आला असता." आणि तिनं राणीच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळ व्हायच्या आत जो तो त्या भट्टीतला निखारा आपल्या घरी घेऊन गेला. शिंगवाला सवयीनं शिंग घेऊन उभा राहिला आणि राजाला म्हणाला, "महाराज, वाजवू? पाणी ओतायला सांगू?" राजा म्हणाला, "नको बाबा. आज राखेनं झाका म्हणावं." दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यानं विचारलं, की आता मूळ चूल कुठली धरायची? सगळ्यांनी खूप विचार केला. विस्तव तळाचा, गोवरी गुराख्यांची, तेल तेल्याचं, भट्टी कुंभाराची, काठी कारभाऱ्याची. कुणालाच काही सांगता येईना.

मग तशीच राहिली ती गोष्ट. ज्याची चूल विझेल त्यानं शेजारी मागायचं, ज्याची पेटती असेल त्यानं नाही म्हणायचं नाही. तळाची पोरं सकाळी गरम भाकरी खायला लागली. काही जण पहिल्यापहिल्यांदा अवघडायचे. कारभारी तर बरेच दिवस रिकामाच हात हवेत धरून माणसांना जागा दाखवायचा. सवय काय, एका दिवसात जाते का? पण जाते हळूहळू.

बारसं कुंभारवाड्यातच झालं. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव कुणी सांगितलं? रंगूनं. नाव ठेवलं उजळा. आणि निखारा म्हणाला, "बरं झालं, माझं नाव ठेवलं नाहीत, पोरीला चटका बसला असता."

आणि शेवंताराणी काय करायची ठाऊक आहे? अधूनमधून आपली चूल मुद्दामच विझू द्यायची. मग खापरात राख घ्यायची, उजळाला काखेत घ्यायची आणि कोंडाईच्या दारात जाऊन उभी राहायची. "मावशी, विस्तव आहे का घरात?" कोंडाई म्हणायची, "आहे की. ये, बस." मग दोघी दुपारभर बोलत बसायच्या, आणि निखारा मध्ये मध्ये तोंड घालायचा.

त्या डोंगरावरच्या चुली अशा एकमेकींच्या विस्तवानं पेटत्या राहिल्या. तुमच्याही राहोत, बाळांनो.

धाकल्या, झोपलास का रे? हुंकार थांबला मघाशीच. रेवू, त्याच्या बाजूची गोधडी सरकलीय बघ. तुझ्याकडची थोडी ओढ त्याच्यावर. हं, अशी. आता तूही मीट डोळे. निखाऱ्यावर राख घालून येते मी.